गोदावरीची सीमा आणि दोन तीरांवरील आपले जीवन

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या ईशान्य बाजूने गोदावरी नदी वाहते. पुणतांब्याच्या पुढे नदीचा उजवा तीर आपल्या जिल्ह्यात आणि डावा तीर छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात, अशी विभागणी होते. उजव्या तीरावर श्रीरामपूर, नेवासे व शेवगाव हे तालुके आहेत. डाव्या तीरावर वैजापूर, गंगापूर व पैठण. ख्रिस्तसभेच्या रचनेतही याच रेषेवर आपला नाशिक धर्मप्रांत संपतो आणि औरंगाबाद धर्मप्रांत सुरू होतो.

आज कायगाव टोक्याच्या पुलावरून पलीकडे जाण्यास काही मिनिटे पुरतात. म्हणून ही रेषा एके काळी दोन राज्यांची, दोन नाण्यांची आणि दोन राजभाषांची सीमा होती, हे आपल्या तरुण पिढीला सांगावे लागते. या सीमेचे स्वरूप गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. राज्ये गेली, धर्मप्रांत नव्याने आखले गेले, धरणाचे पाणी चढले, कारखाने आले. प्रत्येक बदलाच्या वेळी काठावरील सामान्य माणसाने आपला संसार, आपली सोयरीक आणि आपली श्रद्धा कशी सांभाळली, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत. त्या त्या काळाविषयी लिहिताना त्या काळातील स्थलनामे वापरली आहेत.

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. आज हीच सीमा पाण्याच्या वादाच्या रूपाने पुन्हा डोके वर काढीत आहे, आणि दोन्ही तीरांवर आपलेच श्रद्धावंत राहतात. म्हणून हा विचार आपल्यासाठी निकडीचा आहे.

इंग्रजी हद्द आणि मोगलाई

१८१८ साली पेशवाईचा शेवट झाल्यावर अहमदनगरचा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि पुढे तो मुंबई इलाख्याचा जिल्हा झाला. गोदावरीपलीकडील मराठवाडा मात्र हैदराबादच्या निजामाच्या राज्यात राहिला. आपल्याकडील वृद्ध मंडळी त्या प्रदेशाला ‘मोगलाई’ म्हणत आणि नदीअलीकडील प्रदेशाला ‘इंग्रजी हद्द’. जिल्ह्याच्या पूर्वेस व आग्नेयेस पाथर्डी व जामखेडच्या बाजूला नदीचा अडसर नव्हता. तेथे बीडकडील मोगलाई थेट शेताच्या बांधाला लागून होती आणि काही अंतर सीना नदी ही हद्द दाखवीत असे.

नदी दोन राज्यांच्या मधोमध असली तरी लोक एकच होते. भाषा मराठी, सण तेच, जातीपातीची उतरंड तीच आणि सोयरीकही नदीपार. मुलगी नेवाश्याकडची आणि सासर गंगापूरकडचे, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. उन्हाळ्यात पात्र आटले की उताराच्या वाटेने बैलगाड्या पलीकडे जात. पावसाळ्यात नावेवाचून गत्यंतर नसे. म्हणून लग्नकार्ये, माहेरपण आणि जनावरांची खरेदी-विक्री नदीचे पाणी पाहूनच ठरत असे.

सात हाली, सहा इंग्रजी

राज्य वेगळे म्हटले की दैनंदिन व्यवहारात किती फरक पडतो, याची कल्पना आज येणे कठीण आहे. काही उदाहरणे देतो.

हैदराबाद राज्याचे स्वतःचे नाणे होते. त्यास ‘हाली सिक्का’ म्हणत. साधारणपणे सात हाली रुपयांस सहा इंग्रजी रुपये मिळत. पलीकडून अलीकडे मजुरीस आलेल्या माणसाला मजुरी इंग्रजी नाण्यात मिळे, घरी परतल्यावर खर्च हालीत करावा लागे, आणि मध्ये सराफ आपला बट्टा कापून घेई. सहा आणि सातचा हा हिशेब शाळेची पायरी न चढलेल्या माणसासही यावा लागे. न आल्यास नुकसान त्याचेच होई.

दुसरी अडचण जकातीची. निजामाच्या राज्यात येणाऱ्या व तेथून बाहेर जाणाऱ्या मालावर राज्याचे सीमाशुल्क असे. या खात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. अलीकडच्या बाजारात घेतलेले कापड वा भांडी पलीकडे न्यायची तर नाक्यावर थांबावे लागे. एकाच नात्यागोत्यातील माणसांच्या देण्याघेण्यात राज्याचा शिपाई उभा राही.

तिसरी अडचण भाषेची. इंग्रजी हद्दीत प्राथमिक शिक्षण मराठीत मिळे. पलीकडे कचेरीची व न्यायालयाची भाषा उर्दू होती आणि पुढील शिक्षणही मुख्यतः उर्दूतूनच. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सरकारी कागदांवर फसली सन आणि आजूर, दै, बहमन असे महिने असत. अलीकडे मामलेदार, तर पलीकडे तहसीलदार. अलीकडे कलेक्टर, तर पलीकडे अव्वल तालुकदार. अलीकडचा साक्षर माणूस पलीकडच्या कचेरीत निरक्षर ठरे आणि त्यास अर्जनविसाचा आधार घ्यावा लागे.

या साऱ्यातून लोकांनी वाट काढली ती नात्यांच्या आधारे. पलीकडचा मामा नाक्याची माहिती देई, अलीकडची आत्या दुष्काळात आसरा देई. सीमेवरील माणसाला दोन्ही बाजूंचे नियम माहीत असावे लागतात. पण त्याहीपेक्षा त्याला दोन्ही बाजूंना आपले माणूस असावे लागते. हा धडा पुढील प्रत्येक बदलाच्या वेळी उपयोगी पडला.

श्रद्धेची वाट

आपल्या जिल्ह्यातील कॅथोलिक मिशनकार्याचा पाया १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर घातला गेला. १८७८ च्या सुमारास जर्मन येशूसंघीय धर्मगुरू फादर ओटो वाइसहाउप्ट यांनी राहुरी तालुक्यातील केंदळ येथे कार्य सुरू केले. तेथून वळण, संगमनेर, राहाता अशा ठिकाणी मिशनकेंद्रे उभी राहिली. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या उपेक्षा सोसलेल्या कुटुंबांना शाळा, औषधपाणी आणि माणूस म्हणून मान या केंद्रांतून मिळू लागला.

१८८६ साली भारतातील धर्मप्रांतांची रचना झाली तेव्हा अहमदनगर जिल्हा पुणे धर्मप्रांतात आला. पुढल्याच वर्षी, १८८७ साली, नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि पलीकडील औरंगाबादचा प्रदेश त्यात होता. राजकीय सीमा जिथे होती तिथेच ख्रिस्तसभेचीही सीमा आली. अलीकडे येशूसंघीय धर्मगुरू काम करीत होते, पलीकडे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाचे धर्मगुरू. वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे त्यांचे महत्त्वाचे केंद्र. तेथे सेवा केलेल्या फादर गुरियन जाकिये यांची स्मृती मराठवाड्यातील भाविक आजही आदराने जपतात.

धर्मगुरूंचे संघ वेगळे आणि धर्मप्रांतही वेगळे, पण श्रद्धावंत मात्र एकमेकांचे सोयरे होते. प्रार्थनेने मात्र त्यांना जोडून ठेवले. मिस्साविधी तेव्हा लॅटिनमध्ये होत असे आणि तो दोन्ही तीरांवर सारखाच होता. मराठीतील वाचनाची गरज भागविण्यासाठी १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी केंदळ येथून ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. पुढे ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले. ज्या काळात नदीपलीकडील कचेरीत मराठीला स्थान नव्हते, त्या काळात मराठी कॅथोलिक माणसाच्या हाती त्याच्या भाषेतील नियतकालिक आले, याचे मोल मोठे आहे.

सीमेचा एक वेगळा अनुभव पहिल्या महायुद्धात आला. १९१४ साली जर्मनी व इंग्लंड यांच्यात युद्ध पेटताच जर्मन मिशनरी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांसाठी नजरकैदेची छावणी खुद्द अहमदनगर येथेच होती. अनेक वर्षे येथील लोकांत मिसळलेल्या धर्मगुरूंना देश सोडावा लागला. मागे राहिलेल्या अपुऱ्या धर्मगुरूंना सर्व गावी पोहोचणे शक्य नव्हते. अशा वेळी गावोगावची प्रार्थना, धर्मशिक्षण आणि आजाऱ्यांची भेट हा भार कॅटेकिस्ट मास्तरांनी वाहिला. युरोपातील सीमेवरून झालेल्या युद्धाचा परिणाम राहुरी-नेवाश्याच्या वस्तीवर झाला, आणि तो वस्तीनेच आपल्या बळावर निभावून नेला.

सीमा मोडली, खुणा राहिल्या

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, परंतु हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. पुढील वर्षभर रझाकारांच्या अत्याचारांमुळे मराठवाड्यातील अनेक कुटुंबे सीमा ओलांडून शेजारच्या जिल्ह्यांत आश्रयास आली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात पोलीस कारवाई झाली आणि निजामाची राजवट संपली. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातील अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांनाही हिंसाचार सोसावा लागला, हेही विसरता कामा नये. सीमा मोडताना दुःख एकाच बाजूच्या वाट्याला येत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी दोन्ही तीर महाराष्ट्र राज्याचे झाले. हाली नाणे टप्प्याटप्प्याने मागे पडले आणि १९५९ मध्ये पूर्णपणे बाद झाले. करोडगिरीचे नाके गेले. पलीकडच्या शाळेत मराठी आली. शब्दांची देवाणघेवाणही झाली. आपल्याकडे ‘मामलेदार’ हा शब्द रूढ होता. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने मराठवाड्यात व विदर्भात चालणारा ‘तहसीलदार’ हा शब्द सर्व राज्यासाठी घेतला. आपल्याकडील ज्येष्ठांच्या तोंडी मामलेदार कचेरी अजूनही आहे.

तरीही काही खुणा कागदावर कायम राहिल्या, आणि त्या जाणून घेणे आजही व्यवहारात उपयोगाचे आहे. नदीच्या अलीकडे कुळकायदा १९४८ चा आहे, तर पलीकडे हैदराबाद राज्याचा १९५० चा. जमिनीचा जुना पुरावा शोधताना मराठवाड्यात १९५४–५५ ची खासरा पाहणी पत्रके पाहावी लागतात. नदीपार जमीन असलेल्या, वारसाने मिळालेल्या वा विकत घेणाऱ्या कुटुंबांनी हा फरक ध्यानात ठेवावा. वैद्यकीय प्रवेशातील प्रादेशिक कोटा २०२० साली रद्द होईपर्यंत आपला विद्यार्थी ‘उर्वरित महाराष्ट्रा’चा आणि पलीकडचा ‘मराठवाड्या’चा धरला जात असे. मात्र न्यायासाठी आपल्याला पलीकडेच जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद येथील खंडपीठ १९८१ साली सुरू झाले आणि आपला जिल्हा त्याच खंडपीठाच्या कक्षेत येतो.

ख्रिस्तसभेच्या रचनेतही बदल झाले. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत झाला आणि औरंगाबादचा प्रदेश त्यात गेला. १९७७ साली औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि येशूसंघीय धर्मगुरू थॉमस भालेराव हे त्याचे पहिले महागुरुस्वामी झाले. म्हणजे निजामाची हद्द जाऊन इतका काळ लोटला तरी तिची रेषा दोन धर्मप्रांतांच्या रूपाने टिकून आहे. धर्मप्रांताची सीमा ही सेवेच्या सोयीसाठी असते. तिने माणसे वेगळी होत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साविधी मराठीतून होऊ लागला आणि दोन्ही तीरांवरील भाविक एकाच मातृभाषेत प्रार्थना करू लागले.

याची साक्ष हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत मिळते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे फादर जेरार्ड बादर यांनी १९४९ साली, म्हणजे नदीवरील राज्यसीमा मोडल्यानंतरच्या वर्षी, ही यात्रा सुरू केली. सप्टेंबरमध्ये मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेस वैजापूर-गंगापूरकडील भाविकही येतात. त्यांच्यात अन्य धर्मीयही असतात. आपल्या हिंदू बांधवांचेही असेच आहे. श्रीरामपूर व वैजापूर यांच्या मध्ये गोदावरीतील सराला बेटावरील गंगागिरी महाराजांच्या परंपरेचा हरिनाम सप्ताह दोन्ही तीरांवरील गावांना एकत्र आणतो. नेवासे ज्ञानेश्वरांचे, पैठण एकनाथांचे. या नदीच्या दोन्ही काठांची बोली आणि भक्ती एकमेकांपासून कधी तुटली नाही.

धरण आले, गावे उठली

राज्यसीमा गेल्यानंतर काठावर सर्वांत मोठा बदल घडविला तो जायकवाडी धरणाने. पैठण येथील या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातील उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. ‘नाथसागर’ या नावाने ओळखला जाणारा हा जलाशय पैठण व गंगापूरप्रमाणेच आपल्या शेवगाव व नेवासे तालुक्यांतही पसरला आहे.

गोदाकाठची काळी, सुपीक जमीन आणि शेकडो वर्षांची गावठाणे पाण्याखाली गेली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदला वा पर्यायी जमीन मिळण्याची वाट होती. ज्यांच्याजवळ जमीनच नव्हती, जे बलुत्यावर वा मजुरीवर जगत, त्यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. गाव विखुरले म्हणजे त्यांचे कामही गेले आणि आधारही. नव्या वसाहतीत गेल्यावर पाणवठा, दळणाची गिरणी, शाळा, स्मशानभूमी आणि प्रार्थनेची जागा या साऱ्यांची घडी नव्याने बसवावी लागली. दुष्काळात नाथसागर आटला की जुन्या गावांचे अवशेष उघडे पडतात.

दुसरीकडे, फुगवट्याच्या पाण्यावर मोटारी बसवून बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. त्यापूर्वीच प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांनी जिल्ह्याच्या उत्तर भागात साखरेचा पट्टा तयार झाला होता. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण, हरेगावचा बेलापूर कंपनीचा जुना कारखाना आणि १९५० साली लोणी येथे सुरू झालेला प्रवरा सहकारी साखर कारखाना यांनी त्या भागाचे रूप पालटले. कोरडवाहू गावांतील माणसे कामासाठी या पट्ट्याकडे येऊ लागली. आजही दिवाळीच्या आसपास पाथर्डी, शेवगाव आणि बीडकडील टोळ्या उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नाताळ आणि उपवासकाळ याच हंगामात येतात. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत कोप्या पडल्या असतील, तर तेथील मूल कोणत्याही धर्माचे असो, त्याची शाळा आणि आजारपण हा आपल्याही आस्थेचा विषय व्हावा.

कामाचा प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. पलीकडे वाळूज येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९८५ साली तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून नेवासे परिसरातील तरुण नोकरीसाठी पूल ओलांडू लागले. ज्या वाटेने एके काळी पलीकडचा मजूर उसाच्या कामास येई, त्याच वाटेने आज अलीकडचा तरुण पाळीच्या कामास जातो.

नोंदवही: सीमा ओलांडणारा धागा

या स्थलांतराच्या काळात ख्रिस्तसभेची एक जुनी पद्धत फार उपयोगी पडते, आणि तिची माहिती प्रत्येक कुटुंबाला असावी. ती म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही. कॅनन कायद्याच्या कलम ५३५ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात. दृढीकरण झाले, विवाह झाला वा गुरुदीक्षा घेतली, तर त्याची नोंद मूळ बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे करावी लागते. माणूस कोठेही गेला तरी त्याची नोंद त्याच्या पहिल्या धर्मग्रामात वाढत राहते.

नदीपारच्या सोयरिकीत याचे महत्त्व विशेष आहे. मुलगा औरंगाबाद धर्मप्रांतातील आणि मुलगी नाशिक धर्मप्रांतातील असेल तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

• दोघांनीही आपल्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामातून नव्याने काढलेला दाखला घ्यावा. जुन्या कपाटातील दाखला चालत नाही. कारण त्यावर नंतरच्या नोंदी नसतात.

• विवाहाची घोषणा दोन्ही धर्मग्रामांत व्हावी व अडथळा नसल्याचे पत्र मिळवावे. यास वेळ लागतो, म्हणून तारीख पक्की करण्यापूर्वीच धर्मगुरूंना भेटावे.

• विवाहानंतर त्याची सूचना दोघांच्याही मूळ धर्मग्रामांत पोहोचली याची खात्री करून घ्यावी.

• कामानिमित्त वाळूज, पुणे वा अन्यत्र गेलेल्या कुटुंबाने तेथील धर्मग्रामात आपले नाव नोंदवावे. मुलांचे धर्मशिक्षण आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद यांत खंड पडू नये.

ज्यांची गावे धरणात गेली, ज्यांची घरे प्रत्येक हंगामात बदलतात आणि ज्यांच्याजवळ जमिनीचा कागद नाही, त्यांच्याजवळ निदान ही एक नोंद असते. ती व्यवस्थित ठेवणे ही धर्मगुरूंची जबाबदारी आहे आणि ती अद्ययावत राहील हे पाहणे आपली.

आजची सीमा: पाणी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आज गोदावरीवर नाके नाहीत, पण पाऊस कमी झाला की दोन तीर एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. हा वाद नेमका काय आहे ते थोडक्यात सांगतो.

मुळा नदी प्रवरेस मिळते, प्रवरा प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते आणि ते पाणी पुढे नाथसागरात जाते. वरच्या बाजूस नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणे आहेत. आपल्या जिल्ह्यात मुळा, भंडारदरा व निळवंडे ही प्रमुख. ती भरली आणि पाऊस थांबला तर खाली जायकवाडी कोरडे राहते. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने तुटीच्या वर्षी खोऱ्यातील टंचाई सर्वांनी सारखी वाटून घ्यावी हे तत्त्व मान्य केले. १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने दिलेल्या आदेशाने त्यास आकडा दिला: १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरील धरणांतून पाणी सोडावे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली या विषयावर सविस्तर निकाल दिला. २०२३ साली सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी आंदोलने झाली.

अशा वेळी काठावरील जीवन कसे ढवळून निघते हे आपण पाहिले आहे. नदीवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, काठच्या मोटारींची वीज तोडली जाते, बंदोबस्त लागतो. आपला शेतकरी म्हणतो, कर्ज काढून लावलेला ऊस व फळबाग डोळ्यांदेखत वाळते. पलीकडचा म्हणतो, आम्हाला पिण्यास पाणी नाही आणि वर ऊस डोलतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. धरणासाठी ज्यांची गावे उठली ते दोन्ही तीरांवरील होते, हेही दोघांनी आठवावे.

न्याय्य वाटप किती आणि कसे, हे ठरविण्याचे काम कायद्याचे व तज्ज्ञांचे आहे. आमचे सांगणे एवढेच की, या वादात कोणतीही बाजू घेताना पलीकडच्या माणसाला ‘पाणीचोर’ ठरविण्याचा मोह टाळावा. तो आपल्या लेकीच्या सासरचा माणूस आहे. तो हरेगावला आपल्या शेजारी उभा राहून माळेची प्रार्थना करतो.

काही गोष्टी आपल्या हाती आहेत. आपल्याच जिल्ह्यात सोशल सेंटर या संस्थेच्या माध्यमातून कार्य केलेले स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी गावकऱ्यांच्या सहभागाने पाणलोट विकासाचे काम उभे केले. पडणारे पाणी गावाने अडवावे, जिरवावे आणि मोजून वापरावे, ही त्यामागील दृष्टी. काठावरील धर्मग्रामांनी ही दृष्टी पुन्हा स्वीकारावी. मिशनच्या जमिनीवरील विहिरींचे पुनर्भरण, कमी पाण्याची पिके, ठिबक सिंचन, पिण्याच्या पाण्यास पहिला मान, ही सुरुवात आपल्या आवारापासून करता येईल. नाशिक व औरंगाबाद धर्मप्रांतांतील नदीकाठच्या धर्मग्रामांच्या पाळकीय समित्यांनी वर्षातून एकदा, पाऊस संपताना, एकत्र बसावे. टंचाईच्या वर्षी कोणत्या वस्तीला टँकर लागेल, कोणत्या कुटुंबाचे पीक जाईल, याची माहिती एकमेकांना असेल तर अफवांना जागा राहणार नाही.

समारोप

संत योहानाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात प्रभू येशू सीमेपलीकडील शोमरोनी प्रदेशात एका विहिरीवर थांबतो आणि तेथील स्त्रीकडे पिण्यास पाणी मागतो. त्या काळी यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवीत नसत. तरी प्रभूने प्रथम मागितले ते तिच्या घागरीतील पाणी. मागणारा आणि देणारी, दोघांमधील सीमा त्या मागण्याने ओलांडली गेली, आणि पुढे तिच्या गावाने त्याचे स्वागत केले.

आपल्या पूर्वजांनी हाली आणि इंग्रजी नाण्यांचा हिशेब शिकून घेतला, दोन राज्यांचे कायदे सोसले, पाण्याखाली गेलेल्या गावांतून उठून नवी घरे बांधली. या सर्व काळात त्यांनी नदीपलीकडची सोयरीक मोडली नाही. तीच त्यांची खरी ठेव आहे आणि ती आपल्या हाती आली आहे. येत्या तुटीच्या वर्षी ती सांभाळण्याची वेळ आपली असेल. त्यासाठी लागणारी सुबुद्धी परमेश्वराने दोन्ही तीरांवरील सर्वांना द्यावी आणि मतमाउलीने आपल्यासाठी विनवणी करावी, हीच प्रार्थना.